मॉडेलमध्ये चौक मोकळा, रस्त्यावर अर्धा किलोमीटर रांग, असं का होतं?

प्रश्न काय होता ते आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. कोल्हापूरचाच एक पोरगा, सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्यानं आणि त्याच्या तीन मित्रांनी स्टेशन रोडवरच्या एका सिग्नलला सकाळी साडेनऊपासून उभं राहून गाड्या मोजल्या, कॉम्प्युटरवर त्या चौकाचं मॉडेल केलं, आणि मॉडेलमध्ये सगळं झकास चाललंय, प्रत्येक ग्रीनला रांग संपतेय. रस्त्यावर मात्र त्याच वेळेला जवळजवळ अर्धा किलोमीटर गाड्या उभ्या. गाइड म्हणतात मोजणी चुकली, मित्र म्हणतोय सॉफ्टवेअर आपल्या ट्रॅफिकसाठी नाहीच, आणि ह्याला कळंना झालंय की रिपोर्टात शेवटी काय लिहायचं, ग्रीन वाढवा, रस्ता रुंद करा, का सरळ उड्डाणपूल बांधा.

मी बावीस वर्षं हेच काम करतोय, सिग्नलचं टायमिंग, चौकाचं डिझाइन, गर्दीच्या दिवसांचं नियोजन. आणि तुला पहिल्यांदा एवढंच सांगतो की तुमची मोजणी चुकलेली नाही. मोजलंय बरोबर, पण जे मोजायला पाहिजे होतं ते मोजलेलंच नाही.

तुम्ही उभे कुठं होता? स्टॉप लाइनला. सगळे तिथंच उभे राहतात, कारण तिथनं गाड्या चांगल्या दिसतात आणि टपरी पण जवळ असते. पण स्टॉप लाइनला तुला दिसतात त्या चौकातनं पार झालेल्या गाड्या. किती गाड्यांना जायचं होतं ते तिथं दिसत नाही. आता असं बघ, साखर कारखान्याच्या गव्हाणीत दिवसाला जेवढा ऊस पडतो तेवढाच सगळ्या तालुक्यात ऊस आहे असं कोण म्हणेल का? नंबर लागून यार्डात, गेटच्या बाहेर, पार रस्त्यापर्यंत ज्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे असतात ते कोण मोजणार? तुम्ही गव्हाणीवर बसून मोजलंय, आणि मॉडेलला सांगितलंय की एवढाच ऊस आहे. मग मॉडेल म्हणणारच की, एवढा तर आरामात गाळून होईल.

हिशोबानं दाखवतो, आकडे सोपे घेतो, तुझे खरे आकडे तू नंतर घाल. समजा चौकाकडं येणारा एक रस्ता ८ मीटर रुंद आहे, सिग्नलचा पूर्ण फेरा १०० सेकंदांचा आणि त्यात ह्या रस्त्याला कामाचा ग्रीन ३० सेकंद. आपल्याकडं इंडियन रोड्स काँग्रेसच्या सिग्नलच्या मार्गदर्शक नियमांत एक साधा ठोकताळा आहे, साडेपाच मीटरपेक्षा रुंद रस्त्याला दर मीटरमागं ताशी ५२५ पीसीयू सुटतात असं धरायचं. पीसीयू म्हणजे सगळ्या गाड्या एका कारच्या मापात मोजणं, ते तुला माहीतच आहे. तर ८ मीटरला झाले ४२००, आणि तासातला ३० टक्के वेळच ग्रीन म्हणून प्रत्यक्षात ताशी १२६० सुटणार. हे कागदावर.

आता रस्त्यावर ये. डाव्या कडेला गाड्या लावल्यात, एक-दोन रिक्षा सवारीची वाट बघत उभ्या, एक फळाची गाडी. गेले दोन मीटर. राहिले ६ मीटर, म्हणजे ३१५०, आणि त्याचे ३० टक्के ९४५. समजा येणाऱ्या गाड्या ताशी ११०० आहेत. म्हणजे दर तासाला १५५ मागं राहणार. रांगेत दोन-दोन गाड्या शेजारी, एका गाडीला पुढच्या फटीसकट ६ मीटर धर, १५५ भागिले २ गुणिले ६, झाले ४६५ मीटर. हीच तुझी अर्धा किलोमीटर रांग.

आणि तुम्ही स्टॉप लाइनला मोजले ९४५, मॉडेलमध्ये डिमांड म्हणून, म्हणजे जायचं असलेल्या गाड्या म्हणून, घातले ९४५, आणि रस्त्याची रुंदी घातली नकाशावरची पूर्ण ८ मीटर. मॉडेलनं बघितलं १२६० ची ताकद आहे, येतायत ९४५, म्हणजे ७५ टक्केच वापर, मग रांग कशाला लागेल? म्हणजे चुका दोन झाल्या, डिमांड कमी धरली आणि ताकद जास्त धरली, आणि वाईट काय तर दोन्ही चुका एकाच दिशेनं जातात त्यामुळं एकमेकीला कापत नाहीत, उलट मॉडेल अजूनच गोड दिसायला लागतं.

वर तुझे गाइड जीईएच बघायला सांगतात. मॉडेलमधला आकडा आणि मोजलेला आकडा किती जुळतो त्याचं ते माप, ५ च्या आत आलं की बरं म्हणतात. तुझं आलं असेल शून्याच्या जवळ. येणारच, कारण जे घातलं तेच बाहेर आलं. जीईएच वाहनांची संख्या तपासतं, रांग तपासत नाही. जिथं रांग लागते तिथं फक्त संख्या जुळली म्हणून मॉडेल बरोबर म्हणणं मला अजिबात मान्य नाही, मी कुणाचाही असा रिपोर्ट आला तर परत पाठवतो.

तुमच्या मोजणीतच ह्याचा पुरावा असतो बघ. पंधरा-पंधरा मिनिटांचे आकडे काढून ग्राफ कर. खरी डिमांड असेल तर आकडे चढतात-उतरतात, ऑफिसची वेळ, कॉलेजची वेळ, सगळं दिसतं त्यात. पण तुझे आकडे जर २३५, २३८, २३६, २३४ असे सपाट एका रेषेत येत असतील, तर तू डिमांड मोजत नाहीयेस, चौकाची ताकद मोजतोयस. सपाट रेषा दिसली की समजायचं की मागं रांग आहे. मी नवीन पोरांना सगळ्यात आधी हेच बघायला शिकवतो.

आणखी एक, जे लोकांना पटत नाही. गर्दी संपली तरी रांग संपत नाही. वरच्याच उदाहरणात साडेनऊ ते साडेदहा ११०० येत होत्या, रांग झाली १५५. साडेदहानंतर गर्दी उतरली, समजा ८५० च येतायत. सुटतायत ९४५. म्हणजे दर तासाला ९५ नी रांग कमी होणार, आणि १५५ संपायला दीड तासापेक्षा जास्त लागणार, बारा वाजून जातील. आता बारा वाजता तिथनं जाणारा माणूस म्हणतो ही कसली गर्दी, ह्या वेळेला तर कोण नसतं! ती सकाळची उधारी फिटत असती. सगळ्यांनी मिळून घालवलेला वेळ काढलास तर २०० गाडी-तासांच्या आसपास जातो, फक्त एका रस्त्याचा, फक्त एका सकाळचा, आणि कारण काय तर दोन मीटर.

मग डिमांड मोजायची कशी? दोन मार्ग आहेत. एक, रांगेच्या शेपटाच्याही मागं जाऊन उभं राहायचं, जिथं गाड्या अजून मोकळ्या चालतायत, आणि तिथं येणाऱ्या गाड्या मोजायच्या. अडचण अशी की शेपूट सरकत राहतं आणि मधे गल्ल्या आहेत, शाहूपुरीच्या गल्ल्यांतनं गाड्या आत-बाहेर होत राहतात. म्हणून मला दुसरा मार्ग जास्त आवडतो. स्टॉप लाइनला एक जण पार होणाऱ्या गाड्या मोजतो, आणि दुसरा दर पंधरा मिनिटांनी रांगेचं शेपूट कुठंपर्यंत गेलं ते टिपतो. पार झालेल्या अधिक रांगेत वाढलेल्या, ही डिमांड. रांग कमी झाली तर वजा. शेपूट टिपायला आधी जाऊन फुटपाथच्या कडेला खडूनं दर २० मीटरला खूण करायची, विजेच्या खांबांचे नंबर लिहून घेतले तरी चालतं. ह्यापेक्षा भारी यंत्र लागत नाही.

आता थोडं शास्त्र, कारण तुला व्हायवाला विचारतील. १९३५ साली ग्रीनशिल्ड्स नावाच्या अमेरिकन माणसानं दाखवलं की रस्त्यावर दर किलोमीटरला गाड्या जितक्या दाट होतील तितका वेग उतरत जातो, त्यानं सरळ रेषाच धरली. ताशी किती गाड्या जातात हे म्हणजे दाटी गुणिले वेग. दाटी शून्य असली तर प्रवाह शून्य, आणि दाटी इतकी की वेगच शून्य, तरी प्रवाह शून्यच. मधे कुठंतरी टोक येतं. समजा मोकळ्या रस्त्याला वेग ४० आणि पूर्ण तुंबल्यावर किलोमीटरला १५० गाड्या, तर टोक येतं ताशी १५०० ला, दाटी ७५ आणि वेग २० असताना. ह्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की टोक सोडलं तर प्रवाहाचा प्रत्येक आकडा दोनदा येतो, एकदा मोकळ्या रस्त्यावर आणि एकदा तुंबलेल्या. ताशी ९४५ गाड्या गेल्या एवढंच सांगितलंस तर रस्ता मोकळा होता का मेला होता ते कुणालाच कळणार नाही. म्हणून नुसती संख्या कधीच पुरत नाही, सोबत वेग नाहीतर दाटी नाहीतर रांग, काहीतरी एक पाहिजेच पाहिजे.

पुढं १९५५ ला लाइटहिल आणि व्हिटम, आणि वेगळं काम करून १९५६ ला रिचर्ड्स, ह्यांनी ह्याच कल्पनेवर पुराच्या पाण्यासारखा गाड्यांचा प्रवाह मांडला. आपल्या कोल्हापूरकरांना हे लगेच कळेल. पंचगंगेचं पाणी वाढायला लागलं की फुगवटा मागं-मागं सरकत जातो, पाणी पुढं वाहत असलं तरी. रांगेचं शेपूट तसंच उलटं चालतं, गाड्या पुढं जातात आणि शेपूट मागं. हे शेपूट किती वेगानं मागं जातंय आणि मागच्या चौकाला कधी भिडतंय हाच शहरातल्या ट्रॅफिकचा खरा प्रश्न. एकदा का ते मागच्या चौकाच्या पोटात शिरलं की तिथं ग्रीन लागला तरी गाड्यांना पुढं जायला जागा नाही, आडव्या रस्त्याच्या गाड्या पण अडकतात, ज्यांना ह्या चौकाशी काही देणंघेणं नाही असे लोक उभे राहतात. एका चौकाचं दुखणं चार चौकांचं होतं ते असं.

तुझ्या मॉडेलमध्ये हे दिसणार नाही, कारण तू एकच चौक घेतलायस. मागचा एक आणि पुढचा एक घे. हे ऐकच.

सॅच्युरेशन फ्लोचं, म्हणजे मागं रांग असताना सलग ग्रीनमध्ये ताशी किती गाड्या सुटतात त्याचं, जरा सविस्तर सांगतो कारण सगळा खेळ इथंच आहे. ५२५ चा ठोकताळा हा ठोकताळाच आहे. २०१७ साली आलेल्या इंडो-एचसीएममध्ये, म्हणजे आपल्या रस्त्यांवर मोजून सीआरआरआयनं, केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेनं, तयार केलेल्या पुस्तकात, आपल्या मिश्र ट्रॅफिकसाठी वेगळे आकडे आणि वेगळे पीसीयू दिलेत, ते वापर. पण चौक आपला असेल तर स्वतः मोजावं. पहिल्या मजल्यावरची एखादी गॅलरी बघायची, दुकानदाराला विचारून, चहा-बिहा घेऊन, मोबाइल स्टँडवर लावून व्हिडिओ घ्यायचा. मग घरी बसून ग्रीनचे पाच-पाच सेकंदांचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात किती दुचाकी, किती रिक्षा, किती कार लाइन ओलांडून गेल्या ते लिहायचं. ज्या ग्रीनच्या शेवटपर्यंत रांग शिल्लक होती तेवढेच ग्रीन धरायचे, तीस तरी.

हे करताना काय दिसतं ते सांगतो. टायमरवर ५ आकडा आला की दुचाक्यांचे आवाज वाढतात, ३ ला झेब्रा क्रॉसिंग भरलेलं असतं, १ ला निम्म्या दुचाक्या चौकात. म्हणजे पुस्तकात जे लिहिलंय की ग्रीन लागल्यावर पहिले दोन सेकंद वाया जातात, ते आपल्याकडं दुचाक्यांच्या बाबतीत उलटंच होतं. पहिल्या पाच सेकंदांत पंधरा-वीस दुचाक्या भुर्रकन जातात, मग कारा हळूहळू हलायला लागतात, आणि बाराव्या सेकंदाला रांगेतला उसाचा ट्रॅक्टर येतो, दोन ट्रॉल्यांचा, कसबा बावड्याकडं निघालेला. तो पहिल्या गिअरला उठतो, ट्रॉल्यांच्या साखळ्या ताणल्याचा आवाज होतो, आणि मागची ट्रॉली लाइन ओलांडेपर्यंत आठ-नऊ सेकंद जातात. त्याच्या शेजारच्या फटीतनं दुचाक्या निघतात म्हणून सगळंच नुकसान होत नाही, पण मागच्या कारा त्या ग्रीनला सुटत नाहीत. आयआरसीच्या, म्हणजे त्याच इंडियन रोड्स काँग्रेसच्या, शहरी रस्त्यांच्या तक्त्यात ट्रॅक्टर-ट्रॉलीला ४ ते ५ पीसीयू आहेत, ते चालत्या रस्त्यासाठी ठीक, पण थांबलेल्या जागेवरनं भरलेल्या ट्रॉल्या ओढताना तो किती कारांची वेळ खातो ते तू व्हिडिओत स्वतः मोज, तुझ्या प्रोजेक्टमधला सगळ्यात कामाचा आकडा तोच होईल. आणि म्हणूनच विचारतो, मोजणी कुठल्या महिन्यात केलीस? गळीत हंगामातली आणि जूनमधली मोजणी एक नसते. वार पण बघ, मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचे, त्या दिवशी बाहेरगावच्या गाड्या जास्त.

आता तुझे तीन पर्याय.

ग्रीन वाढवू का. कुणाचा वाढवणार? एकाचा वाढवला की दुसऱ्याचा कमी होतो, नाहीतर फेरा लांबतो. लोकांना वाटतं फेरा लांब केला की जास्त गाड्या जातात. थोडं खरं आहे. चार फेजचा, म्हणजे चार बाजूंना पाळीपाळीनं ग्रीन देणारा, सिग्नल असेल आणि प्रत्येक बदलाला ४ सेकंद वाया जात असतील तर १०० सेकंदांतले ८४ कामाचे. १६० सेकंदांचा केला तर १४४ कामाचे, म्हणजे ८४ टक्क्यांचे ९० टक्के झाले. मिळालं तेवढंच, सहा टक्के. आणि त्या बदल्यात प्रत्येक रेड लांबला, प्रत्येक रेडमागची रांग लांबली, ती मागच्या चौकाला भिडायची भीती वाढली, आणि माणसं पण १६० सेकंद थांबत नाहीत, सिग्नल तोडतात. मला लांब फेरे आवडत नाहीत.

वेबस्टरनं १९५८ ला सूत्र दिलंय, आजही तेच पहिल्यांदा वापरतात. फेऱ्यात वाया जाणारे सेकंद गुणिले दीड, अधिक ५, आणि त्याला भागायचं एक वजा वाय नी. वाय म्हणजे प्रत्येक फेजमधल्या जड बाजूची डिमांड भागिले सॅच्युरेशन फ्लो, ह्या सगळ्यांची बेरीज. आपल्या उदाहरणात समजा चारी बाजूंची बेरीज ०.८५ आली. वाया जाणारे १६ सेकंद, म्हणून २९ भागिले ०.१५, फेरा आला १९३ सेकंद! १०० सेकंदांत हे बसणारच नाही, कारण कामाचे सेकंदच ८४ आहेत. आता फक्त त्या एका रस्त्यावरचे दोन मीटर मोकळे कर. त्या बाजूचा भाग ११०० भागिले ३१५० म्हणजे ०.३४९ होता, तो ११०० भागिले ४२०० म्हणजे ०.२६२ झाला. बेरीज ०.७६३ वर आली, आणि फेरा १९३ वरनं १२२ वर. सिग्नलला हात लावला नाही, एक रुपयाचं डांबर टाकलं नाही. १०० चा फेरा ठेवलास तरी आता गाड्या बसतात.

म्हणून मी म्हणतो की स्टॉप लाइनच्या मागचे ५०-६० मीटर आणि पुढचे ५०-६० मीटर, ही शहरातली सगळ्यात महाग जमीन आहे. तिथं एक रिक्षा उभी राहिली तर ती एक रिक्षा नसते. रिक्षावाल्यांना दोष देत नाही मी, त्यांचं पोट आहे, त्यांना तिथनं हाकलून भागत नाही, शंभर मीटरवर नीट थांबा दिला पाहिजे जिथं सवारी सापडेल. फळवाल्या मावशींचं पण तेच. नुसतं उठवलं तर आठवड्यात परत तिथंच, आणि त्यांचं काही चुकत नाही.

एक अनुभव सांगतो. एका चौकात संध्याकाळी रांग लागायची आणि सगळ्यांचं मत होतं रस्ता अरुंद आहे. मी तीन संध्याकाळी वरच्या गॅलरीत उभा राहिलो. पहिल्या दिवशी काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की ग्रीन लागतो, गाड्या निघतात आणि सातव्या-आठव्या सेकंदाला सगळं थांबतं, पुढं मोकळा रस्ता असून. चौक ओलांडल्या-ओलांडल्या पंधरा मीटरवर बस थांबा. बस थांबली की मागं दोन कारा थांबणार, मागची कार चौकाच्या मधोमध, आणि मग आडव्या रस्त्याला ग्रीन लागला तरी त्यांना वाट नाही. तिसऱ्या दिवशी घड्याळ लावून मोजलं, दर तिसऱ्या-चौथ्या ग्रीनचा निम्मा भाग असा जात होता. थांबा साठ मीटर पुढं नेला. थांबा नेऊन चौथ्या दिवशी मी परत गॅलरीत गेलो, रांग होती, पण मागच्या चौकापर्यंत जायची बंद झाली होती. तिथल्या फाइलमध्ये आधीपासून एक मॉडेल होतं, चांगलं केलेलं, पण त्यात बस थांबाच नव्हता, त्यामुळं ह्यातलं काहीच दिसत नव्हतं.

रस्ता रुंद करा. चौकाच्या तोंडाशी, वळणाऱ्यांसाठी थोडी जास्त लेन काढता आली तर जरूर, त्याचा उपयोग होतो कारण सुटायची ताकद तोंडाशी ठरते. पण मधला रस्ता रुंद करून तोंड तेवढंच ठेवलं तर काय होणार, रांग लांबऐवजी जाड होईल, आणि वाढलेल्या रुंदीत महिन्याभरात गाड्या लागतील.

उड्डाणपूल. माझं मत सरळ आहे, एका चौकावरची रांग बघून पूल सुचवू नको. पूल गाड्या चौकावरनं उचलतो आणि पुढच्या चौकात सोडतो. ताराराणी चौकातनं गावात येणारी गाडी पुढं दाभोळकर कॉर्नर, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक असं करत जाणार, आणि शेवटी तिला बिंदू चौक, भाऊसिंगजी रोड, महाद्वार असल्या जुन्या पेठांच्या रस्त्यांत शिरायचं आहे. त्या रस्त्यांची ताकद पूल बांधून वाढत नाही. १९६८ मध्ये ब्रेस नावाच्या जर्मन गणितज्ञानं तर हेही सिद्ध केलं की जाळ्यात एक नवा रस्ता जोडल्यावर सगळ्यांचाच प्रवास लांबू शकतो, कारण प्रत्येक जण आपापला जवळचा रस्ता बघतो आणि सगळे त्याच नव्या तुकड्यात येऊन पडतात. प्रत्येक ठिकाणी असं होतं असं नाही, पण आधी पूर्ण जाळं तपासल्याशिवाय बोलू नये. आपल्याकडं उलटं उदाहरण दर पावसाळ्यात फुकट बघायला मिळतं, परीख पुलाखाली पाणी साठलं की राजारामपुरी-शाहूपुरीकडनं जाणारे बाकीच्या वाटांवर येतात. एक छोटा बोगदा बंद, आणि परिणाम कुठं कुठं जातो बघ. त्या दिवशी मोजणी केलीस तर तुला जाळ्याबद्दल जेवढं कळेल तेवढं पुस्तकात कळणार नाही.

सॉफ्टवेअरबद्दल. सुमो वापरलंस ते बरं केलंस, जर्मनीच्या अंतराळ संस्थेचं आहे, फुकट आहे, आणि आपल्या ट्रॅफिकला चालत नाही हे तुझ्या मित्राचं म्हणणं बरोबर नाही. पण जसं येतं तसं वापरलं तर गाड्या लेनमध्ये एकामागं एक चालतात, आणि आपल्या दुचाक्या फटीतनं पुढं जातात ते त्यात येत नाही. त्यासाठी सबलेन मॉडेल, म्हणजे एकाच लेनमध्ये गाड्या शेजारी-शेजारी चालू देणारं, चालू करावं लागतं. अजून दोन गोष्टी तपास, ह्यांनी भल्याभल्यांना फसवलंय. एक, रस्ता भरलेला असला की सुमो नवीन गाडी आत सोडतच नाही, ती मॉडेलच्या बाहेर वाट बघत बसते आणि स्क्रीनवर दिसत नाही. निघायला किती उशीर झाला तो आकडा आउटपुटमध्ये असतो, तो बघ. खरी डिमांड घालूनसुद्धा रांग छोटी दिसली तर उरलेली तिथं लपलेली असते. दुसरं, गाडी फार वेळ अडकली की सुमो तिला उचलून पुढं टाकतो, काही बदललं नसेल तर ३०० सेकंदांनी. म्हणजे जाम झाला की मॉडेल स्वतःच तो फोडतं, आणि तू खूश. ते किती वेळा झालं ते शेवटी छापून येतं, आकडा मोठा असेल तर निकाल फेकून दे आणि कारण शोध.

जुळवायचं कशाशी? आधी व्हिडिओतनं काढलेला सॅच्युरेशन फ्लो जुळव, मग दर पंधरा मिनिटांचं शेपूट, मग प्रवासाचा वेळ. प्रवासाचा वेळ काढायला गाडीवरनं दहा-बारा फेऱ्या मार, रहदारीच्या वेगानं, ओव्हरटेक करत सुटायचं नाही, मागं बसणाऱ्यानं वेळ लिहायची. ही तिन्ही जुळली की मग पर्याय तपासायला घे.

आणि जमलं तर रिपोर्टात एक धडा गर्दीच्या दिवसांवर ठेव. नवरात्रात देवळाच्या आसपासचा भाग कितीही चांगले सिग्नल लावले तरी चालत नाही, कारण एका मर्यादेनंतर आत जितक्या जास्त गाड्या तितक्या कमी गाड्या बाहेर पडतात. जेरोलिमिनिस आणि दगान्झो ह्यांनी २००८ मध्ये जपानच्या योकोहामा शहराच्या आकड्यांवरनं दाखवलं की अख्ख्या भागाचा मिळून सुद्धा ग्रीनशिल्ड्ससारखाच टेकडीचा आलेख निघतो. म्हणजे टोक ओलांडायच्या आत बाहेरच गाड्या रोखल्या तर आत जास्त लोक लवकर पोचतात. गाडी बाहेरच्या पार्किंगला, माणूस बसनं नाहीतर चालत. रोखलं म्हणून लोकांना राग येतो हे मला माहीत आहे, मी ती बोलणी ऐकलीत, पण आत तासभर पार्किंग शोधत पेठेला गोल फिरणारी गाडी कुणाच्याच फायद्याची नाही, गाडीतल्या म्हाताऱ्या आईच्या तर नाहीच नाही. ही रोखायची वेळ कधी, किती गाड्यांना, हे मॉडेलमधनं काढता येतं आणि त्यासाठी तुझं तीन चौकांचं छोटं जाळं पण पुरेल.

रिपोर्टात काय लिहू म्हणतोस तर मी तुझ्या जागी असतो तर आधी परत मोजलं असतं. तुम्ही चौघं आहात ना, एक जण स्टॉप लाइनला, एक जण शेपटाला, एक जण पुढच्या चौकाच्या तोंडाशी तिकडनं रांग मागं येते का ते बघायला, आणि चौथा गॅलरीत मोबाइल घेऊन. घड्याळं आधी एकमेकांशी जुळवून घ्या, सेकंदासकट. साडेनऊला नको, सव्वाआठला सुरू करा, रांग लागायच्या आधी, आणि ती पूर्ण संपेपर्यंत थांबा, मग एक वाजला तरी. शेपटाला उभा राहणारा पोरगा चालायला दमदार असावा, त्याला दर पंधरा मिनिटांनी मागं-पुढं करायचंय. आकडे आले की इथंच टाक, पंधरा मिनिटांचा ग्राफ आणि शेपटाचे मीटर, मी बघून सांगतो.